अमेरिकेतील चांगली स्पार्कलिंग वाइन कशी निवडावी : नवख्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी माणसाचा स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या, वाइनशी पहिला संबंध बहुधा ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी येतो. घरी चार मंडळी यायची असतात, दुकानात सोनेरी कागद गुंडाळलेल्या बाटल्यांची भली मोठी रांग असते आणि त्यातली कोणती घ्यावी हे सांगणारे जवळ कोणी नसते. न्यू जर्सीतील माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी ठळक अक्षरांत ‘शॅम्पेन’ असे छापलेली सात डॉलरची बाटली उचलली. रात्री बारा वाजता ती उघडली, प्रत्येकाने एक घोट घेतला आणि सगळे पेले तसेच भरलेले राहिले. ती वाइन साखरेच्या पाण्यासारखी गोड होती आणि तिचा फेस ओततानाच विरून गेला होता. दुसऱ्या दिवशी भांडी आवरताना मी लेबल प्रथमच नीट वाचले, तेव्हा खालच्या कडेला अगदी बारीक अक्षरांत ‘बल्क प्रोसेस’, म्हणजे मोठ्या टाकीत घाऊक केलेली, असे सांगणारे दोन शब्द दिसले. मला जे कळायला हवे होते ते सगळे त्या दोन शब्दांत होते. फक्त मी ते आदल्या दिवशी दुकानात वाचायला हवे होते.

पुढे दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत, ज्या क्रमाने बाटली हातात घेतल्यावर डोळे फिरवावेत. वाइनचे कसलेही पूर्वज्ञान त्यासाठी लागत नाही. अमेरिकेत अतिशय उत्तम स्पार्कलिंग वाइन तयार होते आणि तिची किंमत तशाच दर्जाच्या फ्रेंच शॅम्पेनपेक्षा बरीच कमी असते, असे माझे इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरचे स्पष्ट मत आहे. मात्र ती त्याच फळीवर अतिशय सुमार बाटल्यांच्या शेजारी उभी असते, म्हणून निवड करता यायला हवी.

पहिली पायरी : ‘शॅम्पेन’ या शब्दावर विसंबू नये

शॅम्पेन हे फ्रान्समधील एका प्रदेशाचे नाव आहे आणि जगातील बहुतेक देशांत ते नाव फक्त त्या प्रदेशातील वाइनलाच लावता येते. अमेरिकेत मात्र जुन्या वापरामुळे एक अपवाद उरला आहे. युरोपीय संघ आणि अमेरिका यांच्यात २००६ साली वाइनच्या व्यापारासंबंधी करार झाला, तेव्हा १० मार्च २००६ पूर्वीपासून जी अमेरिकी लेबले हा शब्द वापरत होती त्यांना तो पुढेही वापरण्याची मुभा मिळाली. नव्या उत्पादकांना ती नाही. त्यामुळे आज ‘कॅलिफोर्निया शॅम्पेन’ असे लिहिलेली बाटली दिसली, तर तिच्यावरून इतकेच कळते की हे लेबल जुने आहे. आतील वाइनच्या दर्जाबद्दल तो शब्द काहीही सांगत नाही. बोहेमियातून आलेल्या कॉर्बेल बंधूंनी सोनोमा परगण्यात १८८२ साली सुरू केलेल्या कॉर्बेलच्या बाटलीवर हा शब्द असतो आणि तिच्यातील वाइन बाटलीत आंबवलेली असते. कुक्सच्या बाटलीवरही हाच शब्द असतो आणि तिच्यातील वाइन मोठ्या टाकीत तयार होते. शब्द एकच आणि पद्धती दोन.

उलट, फ्रान्सच्या नामांकित शॅम्पेन घराण्यांनी अमेरिकेत येऊन ज्या वाइनरी उभारल्या, त्यांनी आपल्या अमेरिकी बाटल्यांवर हा शब्द कटाक्षाने टाळला. मोएत-हेनेसी कंपनीने १९७३ साली नापा व्हॅलीतील यॉंटव्हिल येथे डोमेन शँडन सुरू केली आणि पहिल्यापासून ‘स्पार्कलिंग वाइन’ असेच लिहिले. याच समूहाने पुढे नाशिकजवळ दिंडोरीला शँडनची वाइनरी उभारली, त्यामुळे हे नाव अनेक मराठी वाचकांना परिचयाचे असेल. सांगण्याचा मुद्दा असा की, अमेरिकेतील उत्तम बाटल्यांपैकी बहुतेकींवर ‘शॅम्पेन’ हा शब्द सापडणारच नाही, आणि तो नाही म्हणून बाटली खाली ठेवू नये.

दुसरी पायरी : बुडबुडे कसे आले, ते शोधावे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि घाई असेल तर एवढी एकच पाळली तरी निम्मे काम होते.

साध्या वाइनमध्ये द्राक्षरसातील साखरेवर यीस्ट काम करते, मद्य तयार होते आणि त्याबरोबर निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो. स्पार्कलिंग वाइनसाठी ती तयार झालेली, आंबट आणि कोरडी (म्हणजे गोडी न उरलेली) वाइन दुसऱ्यांदा आंबवावी लागते आणि या वेळी वायूला बाहेर जाण्याची वाट ठेवायची नसते. पारंपरिक पद्धतीत हे दुसरे आंबवणे तुम्ही विकत घेता त्याच बाटलीत होते. प्रत्येक लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि थोडे यीस्ट घालून बाटली घट्ट बंद करतात; काही आठवड्यांत ती साखर संपते आणि आतील दाब पाच ते सहा वातावरणांपर्यंत चढतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या दुपटीहूनही जास्त. काम संपल्यावर यीस्टच्या पेशी मरतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. खरी चव याच गाळाच्या सहवासात येते. वर्ष, दोन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ वाइन त्या गाळावर पडून राहिली की तिला भाजलेल्या पावाचा, बदामाचा, लोण्याचा वास येऊ लागतो आणि फेस बारीक व मऊ होतो.

त्यानंतर बाटल्या हळूहळू फिरवत उलट्या करतात, जेणेकरून सगळा गाळ तोंडाशी गोळा व्हावा. पूर्वी हे काम हातांनी, लाकडी तिरक्या चौकटींत, रोज थोडे थोडे करून कित्येक आठवडे चालत असे. आता बहुतेक ठिकाणी ते यंत्राने साधारण आठवड्याभरात होते. नापा व्हॅलीतील एका वाइनरीच्या थंडगार भुयारात मी एका वयस्क कामगाराला दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन बाटल्या पाव वळसा फिरवून परत खोबणीत टेकवताना पाहिले होते. तो खाली पाहतसुद्धा नव्हता आणि काचेचा खट्-खट् असा आवाज एकाच लयीत चालू होता. शेवटी बाटलीचे तोंड गोठवतात, झाकण उघडताच गोठलेल्या गाळाचा खडा दाबाने बाहेर उडतो, उरलेली जागा वाइन व थोड्या साखरेने भरतात आणि मग बूच बसवतात. इतका खटाटोप असल्यामुळेच ही वाइन दहा डॉलरला मिळत नाही.

दुसऱ्या, म्हणजे शार्मा पद्धतीत हेच दुसरे आंबवणे शेकडो-हजारो लिटरच्या बंद पोलादी टाकीत उरकतात आणि वाइन दाबाखालीच बाटलीत भरतात. ही पद्धत मुळात वाईट नाही. इटलीची प्रोसेको याच पद्धतीने होते आणि ताज्या फळांचा वास टिकवायला ती योग्यच आहे. परंतु अमेरिकेत ती प्रामुख्याने सर्वांत स्वस्त, गोड आणि घाईने केलेल्या वाइनसाठी वापरली जाते. तिसऱ्या प्रकारात साध्या वाइनमध्ये सोड्यासारखा वायू सोडतात. अशा बाटलीवर ‘कार्बोनेटेड’ हा शब्द कायद्यानेच लिहावा लागतो, त्यामुळे ती ओळखणे सोपे आहे.

आता लेबलवर काय शोधावे ते सांगतो. ‘मेथड शॅम्पेन्वाज’, ‘मेथोद त्रादिस्योनेल’ किंवा ‘ट्रॅडिशनल मेथड’ असे शब्द असतील तर वाइन पारंपरिक पद्धतीची आहे. ‘फर्मेंटेड इन धिस बॉटल’ याचाही अर्थ तोच. मात्र ‘फर्मेंटेड इन द बॉटल’ असे लिहिले असेल, तर थोडे थांबावे : एका शब्दाच्या फरकाने अर्थ बदलतो. अशी वाइन बाटलीत आंबवलेली खरी, पण नंतर सगळ्या बाटल्या एका टाकीत रिकाम्या करून, गाळून, पुन्हा दुसऱ्या बाटल्यांत भरलेली असू शकते. ती टाकीतल्या वाइनपेक्षा वरची असते, परंतु पूर्ण पारंपरिक नव्हे. ‘शार्मा’ किंवा ‘बल्क प्रोसेस’ हे शब्द बहुधा खालच्या बाजूला आणि बारीक अक्षरांत असतात, म्हणून चष्मा लागत असेल तर तो बरोबर न्यावा.

फ्रान्समध्ये शॅम्पेन विक्रीस येण्यापूर्वी किमान पंधरा महिने बाटलीत राहिलीच पाहिजे, असा नियम आहे. अमेरिकेत असे बंधन नाही, उत्पादक स्वतःच ठरवतो. म्हणून मागच्या लेबलवर गाळावर किती महिने ठेवली किंवा गाळ कोणत्या तारखेला काढला हे कोणी लिहिले असेल, तर तो उत्पादक आपल्या कामाबद्दल मोकळा आहे असे समजावे. माझ्या मते मागच्या लेबलवरील ही एक ओळ पुढच्या लेबलवरील सगळ्या सोनेरी नक्षीपेक्षा मोलाची आहे.

तिसरी पायरी : द्राक्षे कुठली, ते पाहावे

स्पार्कलिंग वाइनचा कणा म्हणजे आंबटपणा. द्राक्ष उन्हात भराभर पिकले की साखर वाढते आणि आंबटपणा घटतो. अशा द्राक्षाची तांबडी वाइन चांगली होईल, पण बुडबुड्यांची वाइन बेचव होते. म्हणून कॅलिफोर्नियात या वाइनसाठीची तोडणी बहुधा ऑगस्टमध्येच, इतर वाइनच्या आधी सुरू होते, आणि म्हणूनच थंड प्रदेशातील मळे महत्त्वाचे ठरतात. नाशिक-नारायणगावच्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. नारायणगावच्या इंडाज कंपनीने १९८०च्या दशकात पारंपरिक पद्धतीची ‘ओमर खय्याम’ काढली, तेव्हा तिथेही द्राक्षांत आंबटपणा टिकवण्याचा हाच प्रश्न होता.

कॅलिफोर्नियातील माझा सर्वांत आवडता प्रदेश म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मेंडोसिनो परगण्यातील अँडरसन व्हॅली. ही अरुंद दरी वायव्येकडे पॅसिफिक महासागराच्या दिशेने उघडते, त्यामुळे रात्री आणि सकाळी धुके आत शिरते व द्राक्षे सावकाश पिकतात. शॅम्पेनमधील लुई रोडरर घराण्याने १९८२ साली येथे जमीन घेतली आणि रोडरर इस्टेटची पहिली वाइन १९८८ साली बाजारात आली. त्याच दरीतील शार्फेनबर्गर ही वाइनरीही आता त्याच घराण्याकडे आहे.

दुसरा प्रदेश कार्नेरोस. तो नापा आणि सोनोमा या दोन्ही परगण्यांच्या दक्षिण टोकाला, सॅन पाब्लो उपसागराच्या काठावर पसरलेला आहे आणि खाडीवरचा गार वारा तिथे दुपारीसुद्धा अंगाला बोचतो. शॅम्पेनच्या तॅतँजे घराण्याने १९८७ साली डोमेन कार्नेरोस येथेच स्थापन केली, तर स्पेनच्या फ्रेशेनेट कंपनीच्या फेरर कुटुंबाने १९८६ साली उघडलेली ग्लोरिया फेरर जवळच आहे. जून २०२३ मध्ये व्हाइट हाउसमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या सन्मानार्थ जी शासकीय मेजवानी झाली, तिच्या वाइनच्या यादीत डोमेन कार्नेरोसची ब्रूट रोझे, म्हणजे कमी गोड गुलाबी वाइन, होती. सोनोमातील रशियन रिव्हर व्हॅलीच्या आत आणखी एक धुकट भाग आहे, ग्रीन व्हॅली. तेथील आयर्न हॉर्सची वाइन १९८५ साली जिनिव्हा येथे अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या भेटीत दिली गेली होती.

कॅलिफोर्नियाच्या बाहेरही पाहावे. ओरेगॉन राज्यातील विलामेट व्हॅली अधिक उत्तरेला आणि अधिक थंड आहे. तेथील आर्गाइल ही वाइनरी १९८७ पासून हे काम करते. वॉशिंग्टन राज्यातील डोमेन सेंट मिशेल स्वस्त आणि भरवशाची आहे. मिशिगनच्या लीलानाऊ द्वीपकल्पावर एल. मॉबी ही वाइनरी आहे आणि शिकागो किंवा डेट्रॉइटकडील मराठी मंडळींना ती सुट्टीत सहज पाहता येईल. सर्वांत नवल वाटावे असा प्रदेश मात्र न्यू मेक्सिकोचा : वाळवंटी राज्य, पण मळे समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांहून उंच, त्यामुळे दिवस कितीही तापला तरी रात्र गार होते. शॅम्पेनहून आलेल्या ग्रुए कुटुंबाने १९८०च्या दशकात तिथे द्राक्षे लावली आणि त्यांची वाइन आज देशभर मिळते. पूर्व किनाऱ्यावर व्हर्जिनियातील टिबो-जॅनिसों आहे. तिची ब्रूट २४ नोव्हेंबर २००९ रोजी अध्यक्ष ओबामा यांच्या पहिल्या शासकीय मेजवानीत दिली गेली आणि त्या मेजवानीचे पाहुणे आपले तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग होते.

लेबलवरील स्थळनाम जितके लहान, तितकी माहिती अधिक. ‘अँडरसन व्हॅली’ असे एखाद्या मान्यताप्राप्त द्राक्षप्रदेशाचे नाव असेल, तर किमान ८५ टक्के द्राक्षे त्या प्रदेशातील असावी लागतात. नुसते ‘कॅलिफोर्निया’ असेल, तर सगळी द्राक्षे त्या राज्यातील असतात, पण त्या राज्यात रणरणता मध्यवर्ती खोरेही येते. ‘अमेरिकन’ एवढेच लिहिले असेल, तर द्राक्षे एकाहून अधिक राज्यांतून आणलेली असू शकतात. अशी बाटली लगेच नाकारण्याचे कारण नाही, पण तिथे उत्पादकाच्या नावावर विश्वास ठेवावा लागतो. ‘इस्टेट बॉटल्ड’ म्हणजे द्राक्षे स्वतःच्या ताब्यातील मळ्यांतील आणि सगळे काम स्वतःच्या वाइनरीत, त्याच प्रदेशात. ‘रिझर्व्ह’, ‘प्रेस्टिज’, ‘स्पेशल कुव्हे’ या शब्दांना मात्र संघराज्याच्या कायद्यात कोणतीही व्याख्या नाही. एखाद्या चांगल्या घराण्याने ते वापरले तर त्यांना अर्थ असतो, इतरत्र ते केवळ छपाईचे असतात.

चौथी पायरी : गोडी ठरवावी

इथे एका शब्दाने असंख्य नवखे फसतात. ‘ड्राय’ म्हणजे कोरडी, मग ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे आणखी कोरडी असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड असते. युरोपात ठरलेले माप असे आहे : ब्रूट नेचर म्हणजे लिटरमागे तीन ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ब्रूट म्हणजे सहापर्यंत, ब्रूट म्हणजे बारापेक्षा कमी, एक्स्ट्रा ड्राय म्हणजे बारा ते सतरा, सेक म्हणजे सतरा ते बत्तीस आणि डेमी-सेक म्हणजे बत्तीस ते पन्नास. अमेरिकी उत्पादक हेच शब्द वापरतात आणि चांगली घराणी साधारण हेच माप धरून चालतात. स्वस्त बाटल्यांतील ‘ब्रूट’ मात्र जिभेला बरीच गोड लागते.

पहिल्या खरेदीसाठी ब्रूट घ्यावी. ज्यांना आंबट-कोरडी चव मुळीच रुचत नाही त्यांच्यासाठी एक्स्ट्रा ड्राय ठीक आहे. घरी वडीलधारी मंडळी पहिल्यांदाच चव घेणार असतील, तर मी डेमी-सेक सुचवतो, कारण तिच्यात गोडी असली तरी आंबटपणाही असतो आणि ती सरबतासारखी लागत नाही. श्राम्सबर्गची क्रेमाँ ही डेमी-सेक त्या दृष्टीने फार चांगली आहे. तिच्यात मुख्यत्वे ‘फ्लोरा’ नावाचे, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी संकर करून तयार केलेले द्राक्ष असते.

पाचवी पायरी : द्राक्षाची जात आणि वर्ष

याचा फार विचार करण्याची गरज नाही. ‘ब्लाँ द ब्लाँ’ म्हणजे फक्त पांढऱ्या, बहुधा शार्दोने द्राक्षांची वाइन : हलकी, लिंबासारखी, हिरव्या सफरचंदाची आठवण देणारी. ‘ब्लाँ द न्वार’ म्हणजे काळ्या द्राक्षांची, मुख्यतः पिनो न्वारची, पण सालींचा रंग उतरू न देता केलेली वाइन. ती अधिक भरीव असते आणि कॅलिफोर्नियात तिला अनेकदा फिकट गुलाबी झाक असते. रोझे ही स्पष्ट गुलाबी. वर्ष नसलेली बाटली कमी दर्जाची असते हा समज चुकीचा आहे. उत्पादक अनेक वर्षांच्या वाइन मिसळून आपली ठरलेली चव राखतो आणि पहिल्या खरेदीसाठी तीच घ्यावी.

सहावी पायरी : पैसे किती आणि कोणाला द्यावेत

किमती राज्यागणिक, कर आणि सवलतींनुसार बदलतात, म्हणून येथे दिलेले आकडे अंदाजाचे समजावेत. दहा डॉलरच्या आतील बाटली जवळपास नेहमीच टाकीतली असते. तिचा उपयोग संत्र्याच्या रसात मिसळून मिमोसा करण्यासाठी होतो आणि तो करायला काहीच हरकत नाही; चांगली वाइन रसात ओतणे मला मात्र जिवावर येते. बारा ते वीस डॉलरच्या दरम्यान डोमेन सेंट मिशेल आणि ग्रुए यांसारख्या पारंपरिक पद्धतीच्या बाटल्या मिळतात आणि एकाच वेळी चार-पाच बाटल्या लागणाऱ्या घरगुती समारंभासाठी त्यांच्याहून बरा पर्याय मला माहीत नाही.

खरा आनंद वीस ते पस्तीस डॉलरच्या फळीवर आहे. रोडरर इस्टेट ब्रूट, मम नापाची ब्रूट प्रेस्टिज, शार्फेनबर्गर, ग्लोरिया फेरर, शँडन : यांतील कोणतीही घ्यावी, निराशा होणार नाही. एकच नाव सांगा असा आग्रह कोणी केला तर मी रोडरर इस्टेट ब्रूट सांगतो. तिच्यात ओकच्या पिंपात मुरवलेली जुनी वाइन थोडी मिसळतात, त्यामुळे आंबटपणाच्या जोडीला एक गोलाई येते आणि पेल्यातला फेस शेवटच्या घोटापर्यंत टिकतो.

चाळीसच्या वर श्राम्सबर्गची ब्लाँ द ब्लाँ येते. जर्मनीतून आलेल्या जेकब श्राम यांनी १८६२ साली नापा व्हॅलीत कॅलिस्टोगाजवळ ही वाइनरी सुरू केली, नंतर ती बंद पडली आणि जॅक व जेमी डेव्हिस या दांपत्याने १९६५ साली ती पुन्हा उभी केली. फेब्रुवारी १९७२ मध्ये बीजिंगमध्ये अध्यक्ष निक्सन यांनी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याबरोबर जे पेले उंचावले, त्यांत हीच, १९६९ सालची ब्लाँ द ब्लाँ होती. याहून महाग बाटल्या, म्हणजे रोडररची लेर्मिताज, डोमेन कार्नेरोसची ल रेव्ह किंवा श्राम्सबर्गची जे. श्राम, या जिभेला थोडी सवय झाल्यावर घ्याव्यात. अगदी सुरुवातीला घेतल्या तर त्यांच्यातला फरक कळत नाही आणि पैसे वाया गेल्यासारखे वाटते.

सातवी पायरी : दुकान

खरेदीसाठी वय किमान २१ पूर्ण असावे लागते आणि केस पांढरे झाले असले तरी ओळखपत्र मागतात. ज्यांच्याकडे अद्याप अमेरिकी वाहन परवाना नाही त्यांनी पासपोर्ट बरोबर ठेवावा. कायदे प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत : कॅलिफोर्नियात किराणा दुकानातच वाइन मिळते, न्यू यॉर्कमध्ये किराणा दुकानाला वाइन विकता येत नाही, तर पेनसिल्व्हेनियात ती मुख्यत्वे राज्य सरकारच्या दुकानांतून घ्यावी लागते. स्वतंत्र वाइनच्या दुकानात मात्र विक्रेत्याला विचारण्याचा संकोच करू नये. ‘पारंपरिक पद्धतीची, अमेरिकी, ब्रूट आणि तीस डॉलरच्या आत’ एवढे सांगितले की जाणकार विक्रेता तीन बाटल्या काढून दाखवतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या वाइनवर चांगल्या सवलती असतात, तेव्हा वर्षभराच्या सणसमारंभांची खरेदी करून ठेवता येते. बाटली खिडकीत उन्हात मांडून ठेवली असेल तर ती घेऊ नये, कारण प्रकाश आणि उष्णता या वाइनला फार लवकर बिघडवतात.

भारतात भेट म्हणून न्यायची असल्यास प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त नेता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. त्या मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मध्यभागी, स्वतंत्र प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधाव्यात.

आठवी पायरी : गार करणे, उघडणे, वाढणे

उत्तम निवडलेली बाटली कोमट प्यायली तर सगळे श्रम फुकट जातात. फ्रिजमध्ये तीन-चार तास किंवा बर्फ आणि पाणी सारख्या प्रमाणात घातलेल्या बादलीत वीस-तीस मिनिटे ठेवल्यावर ती सहा ते आठ अंश सेल्सियसला येते. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचे पाणी लवकर गार करते, कारण ते काचेला सगळीकडून भिडते. फ्रीझरमध्ये विसरलेली बाटली फुटते.

उघडताना कागद काढावा, बुचावरील तारेची कडी सहा अर्धे वळसे देऊन सैल करावी आणि त्या क्षणापासून अंगठा बुचावरून काढू नये. तारेसह बूच एका हातात घट्ट धरावे, बाटली पंचेचाळीस अंशांत तिरकी आणि माणसांपासून दूर धरावी, आणि बूच न फिरवता दुसऱ्या हाताने बाटली तळाकडून फिरवावी. बूच वर येऊ लागले की त्याला उलट थोपवून धरावे, म्हणजे ‘फट्ट’ आवाजाऐवजी फक्त एक हलका ‘फुस्स’ ऐकू येतो. मोठ्या आवाजाबरोबर वाइन आणि वायू दोन्ही वाया जातात, आणि सुटलेले बूच डोळ्याला लागले तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून मुले जवळ असताना विशेष जपावे.

पेला अरुंद बांबूसारखा नसावा. मधे थोडा फुगीर आणि तोंडाशी निमुळता असला म्हणजे वास कळतो. पेले पूर्वी साबणाने धुतलेले असतील तर गरम पाण्याने पुन्हा विसळावेत, कारण साबणाचा अंश राहिला की फेस बसतो.

खाण्याबाबत मराठी घरांना ही वाइन फार सोयीची आहे, कारण तळलेल्या आणि खारट पदार्थांचा तेलकटपणा तिचा आंबटपणा आणि बुडबुडे धुऊन काढतात. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, अळूवडी, रव्यात घोळून तळलेले बोंबील किंवा पापलेट यांच्याबरोबर ब्रूट अप्रतिम लागते. झणझणीत रश्श्याबरोबर मात्र ब्रूट देऊ नये; बुडबुड्यांनी तिखट अधिक झोंबते, तिथे एक्स्ट्रा ड्राय बरी. पुरणपोळी, श्रीखंड किंवा बासुंदीसमोर ब्रूट कडवट लागते, त्यासाठी डेमी-सेकच हवी. एका बाटलीत साधारण सहा पेले होतात आणि प्यायलेल्याने गाडी चालवू नये, हे यजमानाने आधीच ठरवून ठेवावे.

वाइन उरली तर बाटलीच्या तोंडात चांदीचा चमचा अडकवून ठेवण्याची एक जुनी समजूत आहे, तिचा काही उपयोग होत नाही. पाच-सात डॉलरला दोन्ही बाजूंनी कडी बसणारे खास झाकण मिळते. ते लावून बाटली फ्रिजच्या आतल्या, सर्वांत गार फळीवर उभी ठेवावी. चांगल्या पारंपरिक वाइनचे बुडबुडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही जिवंत असतात, आणि आदल्या दिवशी वाफवून ठेवलेल्या वड्या तेव्हा तळून काढल्या की त्या उरलेल्या दोन पेल्यांचे काम होते.